यात बी नाही

बाबा, तुमचं सीडींचं कपाट गेल्या महिन्यात जवळजवळ रिकामं झालं. दचकू नका, रद्दीवाल्याला दिलेल्या नाहीत. रायपूरचे एक गृहस्थ आले होते, तुमच्याच पंथातले. जॅझचं नाव काढलं की त्यांचा चेहरा उजळतो आणि समोरचा माणूस कंटाळलाय हे त्यांना कळत नाही, म्हणजे अगदी तुमच्यासारखेच. भिलाईच्या स्मृति नगरातल्या आपल्या घरात, पुढच्या खोलीत सतरंजीवर मांडी घालून त्यांनी एकेक डबी उघडली, तबकडी कडेनं धरून खिडकीच्या उजेडात तिरकी करून पाहिली, आतली पुस्तिका नाकाशी नेऊन तिचा वाससुद्धा घेतला. तेव्हाच मी ठरवलं की न्यायच्या तर यांनीच न्याव्यात. तुम्ही गेल्यापासून इतकी वर्षं मी त्या डब्यांवरची धूळ पुसत आले, पण वाजवल्या मात्र नाहीत. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, ठेवून काय लोणचं घालाचं आहे का. ते गृहस्थ हळूहळू सरकत वरच्या कप्प्याशी आले आणि थबकले. सगळ्या निळ्या डब्या. एकच अल्बम, तेच तिघं वाजवणारे, पियानो, उभं मोठं बास आणि ड्रम, आणि कप्पा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेला. "मैडम, एक ही एल्बम इतनी बार?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्यांना आवडायचा. "हाँ, पर इनमें से सबसे अच्छी उनको कौन सी लगती थी?" तुम्हाला तर त्यातली एकही आवडली नव्हती.

तुम्हाला आठवतं का, नवीन सीडी आली की घरात काय सोहळा असायचा? त्या दिवशी तुम्ही ऑफच्या दिवसाची सकाळ धरून ठेवायचात. आंघोळ, मग स्वच्छ बनियन, मग खुर्ची प्लेअरच्या समोर ओढून बसणं. आम्ही पुढच्या खोलीत यायचं नाही, पंखा बंद, खिडकी बंद. भिलाईतल्या मे महिन्यातसुद्धा. घाम पुसत तुम्ही मान खाली घालून ऐकायचात, कधी उठून स्पीकरला कान लावायचात, कधी आवाज इतका वाढवायचात की बासच्या धक्क्यानं कपाटाची काच थरथरायची. मग तबकडी काढून डबीत ठेवायचात आणि उठताना म्हणायचात, "यात बी नाही." लगेच आतून, तव्यावरून नजर न काढता, आई म्हणायची, "पुढच्यात असन." बस. मग जेवण. घरात हे इतक्यांदा झालं की ती आपली घरगुती बोलीच होऊन गेली. माझी कंपासपेटी हरवली, मी दप्तर उलटं करून म्हणायचे, यात बी नाही. आई म्हणायची, पुढच्यात असन. काय नाही, हे मी कधी विचारलं नाही. कोणतं तरी गाणं सापडत नसेल असं समजून चालले होते. वरच्या कप्प्यात सगळ्या सीडी त्याच अल्बमच्या आहेत आणि गाणी तीच आहेत, हे माझ्या लक्षात आलं तोवर मी मोठी झाले होते, आणि मोठं झाल्यावर बापाच्या नादांबद्दल माणूस विचारत नाही, फक्त हसतो.

नाद कुठून लागला ते मात्र मला माहीत होतं, किंवा माहीत आहे असं वाटत होतं. मी तिसरी-चौथीत असेन. आपण तिघं स्कूटरवरून चरोद्याला मामाकडे जेवायला गेलेलो. रेल्वे कॉलनीत मामाच्या क्वार्टरला लागून एका गार्डसाहेबांचं क्वार्टर, मधली भिंत एकच. म्हातारे अँग्लो-इंडियन गृहस्थ, घरात एकटेच, आणि त्यांच्याकडे रेकॉर्डींचा ढीग. आपण जेवायला बसलो आहोत, भिंतीपलीकडे काहीतरी वाजून राहिलंय, आणि तुम्ही हातातला घास तसाच धरून बसला आहात. मामी विचारते, भाजी तिखट झाली का? तुम्ही उष्ट्या हातानं उठता आणि बाहेर जाता. आई तुमच्या मागून जाते. मला पुढचं आठवतं ते एवढंच की थोड्या वेळानं मलाही तिकडे बोलावलं, गार्डसाहेबांनी मला मनुका घातलेला केक दिला आणि तुम्ही त्यांच्या वेताच्या खुर्चीत, हात न धुता, डोळे मिटून बसला होतात. फिरणाऱ्या रेकॉर्डशेजारी तिचं निळं कव्हर उभं करून ठेवलेलं होतं. त्यानंतर मामाकडचं जेवण हे निमित्त होतं. मामा चेष्टेनं म्हणायचा, जावई आमच्याकडे येतात, बसतात शेजाऱ्याकडे.

मग गार्डसाहेब रिटायर होऊन मुलीकडे ऑस्ट्रेलियाला गेले आणि रेकॉर्डीही त्यांच्याबरोबर गेल्या. ती निळ्या कव्हरची रेकॉर्ड तुम्ही मागितली नाहीत. तुमच्या तोंडून मागणं कधी निघायचंच नाही. त्यानंतर बरीच वर्षं घरात फक्त रेडिओ होता. मग सीडी आल्या, आणि आपल्या क्वार्टरांच्या लाइनीतली पोरं इंजिनीयर होऊन अमेरिकेला जायला लागली. इथल्या दर दुसऱ्या घरातलं एक पोरगं तिकडे. सुट्टीवर आलेली ती पोरं सगळ्यांसाठी चॉकलेटं आणायची आणि तुमच्यासाठी सीडी. "अंकल, ये नया वाला निकला है, रिमास्टर है." तुम्ही त्यांच्या आयांना आधीच सांगून ठेवलेलं असायचं. पहिली निळी डबी अशीच तेव्हाच्या आपल्या रुआबांध्याच्या क्वार्टरमध्ये आली. त्या सकाळी तुम्ही पहिल्यांदा म्हणालात, "यात नाही." 'बी' नंतर लागला.

तुमचं म्हणणं असं की सीडीवाले जुनी रेकॉर्डिंग साफ करतात. खरखर काढतात. खरखर काढता काढता चांगलंही काढून टाकतात. "धान पाखडताना कोंड्यासंग दाणेबी उडवले लेकाइनं," असं तुम्ही आईला सांगायचात. मग ऐकलंत की जपानमध्ये छापलेल्या सीडी चांगल्या असतात. ती मिळवलीत, कडेला जपानी अक्षरांची कागदी पट्टी असलेली. ती पट्टी तुम्ही फाटू दिली नाहीत, ती अजून तशीच आहे. यात बी नाही. मग जुन्या मूळ टेपवरून नव्यानं काढलेली. मग डबल सीडी, ज्यात न निवडलेली वादनंही दिलेली. ती तुम्ही मला समजावून सांगितली होतीत: "एकच गाणं त्याइनं तीनदा वाजोलं. दोनदा फसलं. अन् हे फसलेलं बी छापून विकून राहिले." आई म्हणाली, "मंग फसलेल्या पोळ्या मी बी जपून ठेवू का?" तुम्ही किती हसला होतात. त्या एका अल्बमच्या मागे जाता जाता बाकीचं कपाटही भरत गेलं. त्या ड्रमवाल्यानं इतर कोणाबरोबर वाजवलंय, कुठल्याशा क्लबात कोणीतरी चोरून केलेलं रेकॉर्डिंग, बंद पडलेल्या कंपन्यांच्या जुन्या रेकॉर्डींचे रीइश्यू. डिक्शनरी मांडीवर घेऊन तुम्ही त्या पुस्तिका वाचायचात. रायपूरचे गृहस्थ म्हणाले, यातल्या काही आता कुठेच मिळत नाहीत. तुम्हाला हे ऐकायला आवडलं असतं, म्हणून लिहिते आहे.

मी एकदा बोटांनी तबकडी मधोमध धरली होती, आठवतं? तुम्ही ओरडलात, "कडेनं पकड, भाकर आहे का ते?" मी रडले. मला वाटलं तुम्ही चिडलात. तुम्ही चिडला नव्हतात, तुमचा आवाजच तेवढा होता. आपल्या लाइनीत सगळ्यांचेच बाबा मोठ्यानं बोलायचे. टीव्ही रस्त्यावर ऐकू यायचा. नागपूरचे पाहुणे आले की पहिल्या दिवशी हळूच विचारायचे, काही भांडण झालं का? नाही, आम्ही म्हणायचो, साखर मागत आहेत. ज्या लाइनीत सगळेच ओरडून बोलतात तिथे कोणाला कमी ऐकू येतं हे कळणार कसं? बाहेरच्या जगात बायकामुलांच्या लक्षात येतं, इथे आम्हाला तेच नॉर्मल वाटत होतं.

तुम्ही पोलाद कारखान्यातल्या रेल मिलमध्ये होतात, लालबुंद रूळ मापात कापणाऱ्या करवतीवर. तिचा आवाज कानातून नाही, दाढेतून आत शिरतो, असं तुम्ही म्हणायचात. कानात घालायला केशरी बोळे मिळायचे. ते तुम्ही शर्टच्या खिशात घालून घरी आणायचात आणि आम्ही पोरं दिवाळीत ते घालून सुतळी बॉम्ब उडवायचो. तुम्ही कावून नाही घालत, असं मी विचारलं होतं. "घातले तं करवत काय बोलून राहिली हे कसं समजन मले?" तुम्ही म्हणालात. पातं बोथट व्हायला लागलं की तिचा आवाज बदलतो, आणि पलीकडच्याची हाक ऐकू आली नाही तर हात जातो. तुमच्यातले सगळेच तसं करत. कान उघडे ठेवणं म्हणजे काम नीट करणं, असंच सगळे समजत होते.

आणि मग हळूहळू सगळं बाहेरचंच बिघडायला लागलं. कुकरची शिट्टी वाजत नाही म्हणून तुम्ही ती बदललीत, वरण करपल्यावर पुन्हा बदललीत. आईनं त्या काढून टाकलेल्या चांगल्या शिट्ट्यांची माळ करून खिळ्याला टांगली. मी शिकायला आणि मग नोकरीला नागपूरला गेले, तेव्हा माझा फोन आला की तुम्ही म्हणायचात, "तुहा आवाज बरोबर येऊन नाही राहिला, लाइन खराब आहे, घे आईसंग बोल." लाइनमन आला, वायर बदलली. मग फोनच बदलला. माझा आवाज पहिल्यापासून पातळ. आता मला कळतं की लाइन चांगली होती. त्या करवतीनं तुमच्यापासून जे जे कापून नेलं, त्यात मीही होते. हे लिहिताना मला फार वाईट वाटतं आहे, बाबा. आपलं फोनवरचं बोलणं सगळं 'बरी आहेस ना' आणि 'घे आईसंग' यांतच संपलं, आणि मी समजत होते की बापलेकीचं बोलणं असंच असतं.

मी नागपूरला निघाले तेव्हा तुम्ही मला स्टेशनवर एक छोटा सीडी प्लेअर दिला होता आणि त्यात ती पहिली निळी सीडी. तोवर आणखी कितीतरी आल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "ही बेकार आहे, पण तुले चालीन." ती बेकार सीडी मी होस्टेलला दुपारी खोलीत कोणी नसताना ऐकायचे. जॅझ मला तेव्हा कळत नव्हतं आणि आताही फारसं कळत नाही. पण त्यातलं एक संथ गाणं मला घरासारखं वाटायचं. पियानो एखादा सूर टाकून थांबतो, बास मागे चालत राहतो, आणि त्या सगळ्याखाली काहीतरी सतत घासत जातं, सर्र, सर्र, मध्येच थांबतं, मग पुन्हा. ते काय आहे याचा मी कधी विचार केला नाही. गाण्याचाच भाग होता तो.

ते रायपूरचे गृहस्थ गाडीत खोकी ठेवून गेले, त्यानंतर मी स्वयंपाकघरात आले. निळा कप्पा मी त्यांना दिला नव्हता. त्यांनीही फार आग्रह धरला नाही. आई खाली बसून लालभाजी निवडत होती. आता तिला वाकवत नाही, पण भाजी खालीच बसून निवडायची असते. मी तिला विचारलं, "आई, बाबा त्या निळ्या सीडींत काय पाहत होते?"

"पाहत नव्हते. आयकत होते."

"तेच गं. काय?"

तिनं एक काडी मोडली, पानं वेगळी केली. "तुही आजी," ती म्हणाली.

मला वाटलं, आईचं वय झालं. पण ती नीट सांगत होती. तुमची आई गोंदियाकडच्या गावात पहाटे अंगण झाडायची, खराट्यानं. तुम्ही बाजेवर पडल्या पडल्या तो आवाज ऐकायचात आणि तो थांबला की उठायचात, कारण त्यानंतर चहा मिळायचा. तुम्ही भिलाईला लागलात, आणि ती गेली तेव्हा तुम्ही शिफ्टमध्ये होतात. "सांगावा आला, अन् हे पोचले तं सगळं झालं होतं. तोंड नाही पायलं. अन् म्हातारीचा फोटो काढाचं कोणाले सुचलंच नाही कधी. एकबी फोटो नाही. तुले मालूम आहे ना, आपल्या देवघरात तुह्या आजोबाचा आहे, तिचा नाही." मला माहीत होतं. मला वाटायचं, हरवला असेल. "मंग त्या दिवशी माह्या भावाकडं जेवून राहिलो होतो तं हे उठून गेले. मी मागं गेली. गार्डसाहेबानं दार उघडलं अन् ह्याइनं त्याइले विचारलं, भाईसाहब, ये कौन झाड़ रहा है?"

गार्डसाहेब हसले नाहीत म्हणे. त्यांनी तुम्हाला आत घेतलं, कव्हरवरचा फोटो दाखवला. ड्रमवाल्याच्या हातात काठ्या नाहीत, बारीक तारांचे दोन ब्रश आहेत, आणि तो ते ड्रमच्या कातड्यावर गोल गोल फिरवतो. "ये भी झाड़ू ही है, तार का," ते म्हणाले. आणि त्यांनी सुई उचलून गाणं पहिल्यापासून लावलं.

मी खाली बसले. आई म्हणाली, "तेच पाहिजे होतं त्याइले सीडीत. अन् तेच त्याइच्या कानाले येईना. बास येई, पियानो येई. बारीक आवाज करवतीनं खाल्ले होते सगळे. कुकर नाही आयकू ये, माह्या बांगड्या नाही आयकू ये, तं तो काय येणार?"

"तुला माहीत होतं?"

"मी तं घरातच होती ना."

मग मी तिच्यावर चिडले. तुम्हाला माहीत आहे मी चिडले की काय बोलते. मी म्हटलं, एवढी वर्षं तू गप्प बसलीस, डॉक्टर होते, कानाचं मशीन मिळत होतं, तू एक शब्द बोलली असतीस तर बाबांना ते मिळालं असतं, उगाच अर्धं आयुष्य जपान-अमेरिका करत बसले. आईनं भाजी परातीत झटकली.

"अन् मशीनीतून बी नसतं आलं तं?" ती म्हणाली. "सांगतलं असतं का कान गेले तुमचे, तं काय झालं असतं? कान तं परत नसते आले. शेवटपर्यंत त्याइले वाटे का आवाज आहे, कुठं तरी छापलेला आहे, आपल्याले भेटून नाही राहिला. म्हणजे म्हातारी आहे कुठं तरी. ते बी घेऊन टाकाचं का मी?"

अजूनही मला वाटतं तिनं सांगायला हवं होतं, आणि अजूनही मला वाटतं तिनं बरोबर केलं. दोन्ही वाटतं, रोज. मी हे तिला सांगितलेलं नाही, ती म्हणेल, एक ठरव. तुम्हाला मनातून माहीत होतं का, हेही मी तिला विचारलं. ती म्हणाली, "मले नाही वाटत. माणूस आपल्या कानाले कावून खोटं म्हणन?" मग म्हणाली, "शेवटी शेवटी स्पीकरवर हात ठेवून बसे." तुम्ही तसे बसायचात हे मीही पाहिलं होतं. मला वाटलं होतं, प्लेअर गरम होतो का ते बघताय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नागपूरहून परत आणलेल्या माझ्या ट्रंकेतून ती बेकार सीडी काढली. तुमच्या प्लेअरचा ट्रे अजून अडकतो, अजून कंगव्याच्या टोकानं ओढावा लागतो. आईला आणून तुमच्या खुर्चीत बसवलं. तिनं मानाची जागा असल्यासारखा पदर सारखा केला. गाणं सुरू झालं, आणि इतकी वर्षं पाठ असलेलं ते गाणं मी पहिल्यांदा ऐकलं. पियानो बाजूला झाला आणि कोणीतरी अंगण झाडायला लागलं. सर्र, सर्र. एका भिंतीपासून सुरू करून मागे सरकत. मध्ये थांबणं. मग पुन्हा. मी आईकडे पाहिलं. ती लग्न होऊन त्याच घरात गेली होती, त्याच सासूच्या हाताखाली राहिली होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

"हो," ती म्हणाली. "अशीच झाडे म्हातारी. इथं थांबली ना, तं कंबर सरळ केली. आता तुळशीपाशी आली." ती डोळे पुसत नव्हती, रडतही नव्हती, कोणी ओळखीचं रस्त्यावरून जाताना दिसावं तशी सांगत होती. गाणं संपल्यावर म्हणाली, "सगळ्याइतच होता हा. जपानीत तं लय साफ. हे इथं मान घालून बसत, मी आत पोळ्या करत राहो, अन् माह्या कानावर माही सासू आंगण झाडून राहिली आहे. अन् मंग हे म्हणत, यात बी नाही."

बाबा, तुम्ही बंद खिडक्यांच्या खोलीत घाम गाळत जिला शोधत होता ती खोलीभर झाडत होती, भिंतीपलीकडे तुमची बायको ते ऐकत होती, नागपुरात तुमची पोरगी ते ऐकत झोपी जात होती. फक्त तुमच्यापर्यंत पोचत नव्हतं. तुमच्यावर मला रागही येतो. एकदा तरी कोणाला हाक मारून विचारायचं होतं, हे तुम्हाला येतं का ऐकू? मी धावत आले असते. हो म्हटलं असतं. मग तुम्हाला कळलं असतं की सीडी चांगली आहे, आणि त्याच क्षणी दुसरं काय कळलं असतं तेही कळतं मला. म्हणून बरं झालं नाही विचारलंत, असंही वाटतं. पुन्हा तेच, दोन्ही वाटतं.

तुम्ही ज्या करवतीवर होतात तिच्या खालून निघालेल्या रुळांवर तेव्हा गाड्या चालत होत्या, कदाचित गार्डसाहेबांचीही. हे मी अभिमानानं लिहायला घेतलं होतं, पण आता नुसतं लिहिते. आईनं त्या शिट्ट्यांची माळ अजून फेकलेली नाही. देवघरात आजोबांच्या फोटोशेजारची जागा रिकामी आहे. मी एकदा म्हटलं तिथे ती जपानी सीडी ठेवू, तर आई म्हणाली, वेडी झाली का, हळदीकुंकू लावशीन तं खराब होईन ते.

हे पत्र कुठे टाकायचं हा प्रश्नच नाही. घडी घालून निळ्या डब्यांच्या मागे सरकवून देते, तिथे कोणाचा हात जात नाही. एक गोष्ट मात्र सांगायची राहिली, आणि ती सांगावी म्हणूनच बहुतेक एवढं लिहिलं. मी नवीन निळी सीडी मागवली. पुन्हा नव्यानं काढलीय त्यांनी, रायपूरच्या गृहस्थांनीच कळवलं. ती काल कुरियरनं आली. मी आंघोळ केली, पंखा बंद केला, खिडकी लावली, तुमच्या खुर्चीत बसून पूर्ण ऐकली. आई आत पोळ्या करत होती. संपल्यावर तबकडी कडेनं धरून डबीत ठेवली, उठले, आणि आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हटलं, "यात बी नाही."

तव्यावर काहीतरी चुरचुरलं. मग आई म्हणाली, "पुढच्यात असन."

होता, बाबा. पहिल्याच गाण्यात होता.